तालुक्याचा बैलबाजार: म्हातारा बैल असन तर भाड्याचे पैसे वाचवा
बाजाराचं नाव टाकत नाही, उगाच वाद नको. मागच्या आठवड्यात लहान्या भावासोबत बैल घेऊन गेलतो.

जागा मोठी हाय, कडुनिंबाची सावली हाय, पण हौदात शेवाळ अन् पाणी बोटभर, आमच्या बैलानं तोंड घातलं अन् फिरवून घेतलं. पावतीचे पैसे मात्र गेटवरच घेतात. जवान जोड्यांजवळ गर्दी, तिथं अजूनही दुपट्ट्याखाली बोटं दाबून भाव ठरते. आमचा 15 वर्षांचा, दात झिजलेले, खांद्यावर घट्टा. हेड्यानं, म्हंजे ढोरायच्या व्यापाऱ्यानं, दुरूनच पाहिलं, म्हणे काका याले वापस न्या, रस्त्यात गाडी अडवली तर निस्तरन कोण.

आधी असं नोतं. महाराष्ट्राच्या 1976 च्या कायद्यात गाईच्या कत्तलीले बंदी होती, म्हातारा बैल दाखला घेऊन कत्तलीसाठी विकता येये. 2015 पासून बैल, वळू यायची कत्तल अन् कत्तलीसाठी विक्री बी बंद, 5 वर्षांपर्यंत जेल अन् 10 हजारांपर्यंत दंड. पुढच्या वर्षी हायकोर्टानं बंदी कायम ठेवली, फक्त दुसऱ्या राज्यातून आणलेलं मांस जवळ ठेवणं गुन्हा नाही म्हणे. घटनेच्या कलम 48 मधी कारण शेती अन् पशुपालनाचं लिहेल हाय, धर्माचं नाही. मंग म्हशीले सूट कशी? अन् शेतीसाठीच कायदा असन तर रोजचं कुटार, ढेप कोणाच्या खिशातून जाते हे कोणी काहून इचारत नाही?

भाऊ म्हणे, "दादा, पोळ्याले त्याच्या पाया पडतं अन् इकडं विकाले आणतं?"

लागलं मले. खोटं नोतं ना. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी लावून त्याचे खांदे मीच शेकतो, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' मीच म्हणतो, पण ते मले कोण्या सरकारनं सांगतलं नाही, बापानं शिकवलं. माही श्रद्धा माह्या दावणीले ठीक हाय, ज्याची तशी श्रद्धाच नाही त्याले पोलीस लावून पाळायले लावणं मले पटत नाही, अन् ज्याची हाय त्याच्या कुटाराले एक रुपया नाही.

बैल घरी आणला, जाण्यायेण्याचं गाडीभाडं अंगावर.

पाचपैकी दोन स्टार, ते बी सावलीचे. जवान जोडी घ्यायची असन तर सकाळी आठच्या आत जा, अन् पाण्याची बकेट घरून न्या.