धावपट्टीशेजारचा प्लॉट आणि आमचे पावणेदहा लाख

सध्या मुंबई-ठाण्यात एक जाहिरात फिरते आहे. बंगल्याच्या दारात मोटारीशेजारी छोटं विमान उभं, मागे हँगर म्हणजे विमान ठेवायची शेड, समोर वसाहतीची स्वतःची धावपट्टी. खाली लिहिलेलं असतं, 'मुंबईपासून दोन तास'. आमचे नऊ लाख शहात्तर हजार या जाहिरातीपायी गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार पोलिसांकडे आहे आणि वकिलांनी मनाई केली आहे. तसंही नाव सांगून फार उपयोग नाही. अशा लोकांना पाटी बदलायला एक दिवस पुरतो. पद्धत मात्र बदलत नाही, म्हणून ती सविस्तर लिहिते.

आमच्यापर्यंत हे आलं ते मुलामुळे. तो बारामतीला विमान उडवायला शिकत होता. कमर्शिअल लायसन्ससाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं, त्याचा खर्च काय असतो हे त्या वाटेने गेलेल्या आईबापांना सांगायला नको. शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यात कोणीतरी ठाण्यातल्या एका हॉटेलातल्या सादरीकरणाचं आमंत्रण टाकलं. गेलो तर सभागृहात सगळे आमच्यासारखेच: वैमानिक होऊ घातलेल्या मुलांचे पालक, विमानतळावरून निवृत्त झालेली मंडळी, दोन-तीन डॉक्टर. आमच्या ह्यांची सगळी नोकरी सांताक्रूझच्या विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये गेली. कंपनीच्या मॅनेजरला हे कळल्यावर तो म्हणाला, "काका, तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तर विमानातलेच!" त्या वाक्यानंतर ह्यांच्या शेजारची खुर्ची त्याने सोडली नाही.

आता महत्त्वाचं. पडद्यावर त्या माणसाने जे जे दाखवलं ते जवळजवळ सगळं खरं होतं. घरी येऊन मुलाने एकेक गोष्ट इंटरनेटवर तपासली, आणि प्रत्येक खरी निघाल्यामुळेच आमचा विश्वास वाढत गेला.

फ्लोरिडात डेटोना बीचजवळ स्प्रूस क्रीक नावाची वसाहत आहे, ती खरी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने बांधलेल्या धावपट्टीभोवती ती वसली. चार हजार फुटांची पट्टी, तेराशेच्या आसपास घरं, शेकडो हँगर. हॉलिवूडचा नट जॉन ट्रॅव्होल्टा तिथे राहत होता, पुढे तो त्याच राज्यातल्या जम्बोलेअर नावाच्या दुसऱ्या विमान-वसाहतीत गेला, तेही खरं. कॅलिफोर्नियातल्या कॅमेरॉन पार्कमध्ये रस्ते शंभर फूट रुंद आहेत, आणि रस्त्यांच्या पाट्या नि टपालपेट्या मुद्दाम बुटक्या ठेवल्या आहेत, विमानाचा पंख अडू नये म्हणून. हे पाहून सभागृहात टाळ्या पडल्या. तिथल्याच फ्रेस्नोची सिएरा स्काय पार्क ही अशी वसाहत १९४६ सालची. इथून तो हळूच आपल्याकडे वळला. अँबी व्हॅलीत धावपट्टी आहे की नाही? आहे. कल्याणजवळ नेवाळीला इंग्रजांनी महायुद्धात विमानतळ केला होता की नाही? केला होता. 'भारतीय वायुयान अधिनियम' हा नवा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला की नाही? झाला.

मग पुढची स्लाइड आली: मुरबाड तालुक्यात आपला प्रकल्प, 'नव्या कायद्यानुसार मंजूर'. मागच्या दहा स्लाइड्स खऱ्या होत्या, त्यांच्या रांगेत ही अकरावीही उभी राहिली. नवा कायदा आला म्हणजे कुणा बिल्डरची पट्टी मंजूर झाली असा अर्थ होत नाही. पण सभागृहात तसं कोणी विचारलं नाही.

भाव होता पाच गुंठ्यांना तीस लाख. एक्कावन्न हजार बुकिंगचे, ते आम्ही चेकने दिले. मग वीस टक्के म्हणून सहा लाख. त्यानंतर 'हँगर डिपॉझिट' पावणेदोन लाख आणि 'विमानवाहतूक परवानगी शुल्क' दीड लाख, हे दोन्ही वेगळ्याच कंपनीच्या खात्यात. जागा बघायला न्या म्हटलं तर उत्तर ठरलेलं, पावसात रस्ता वाहून गेला आहे काकू, दिवाळीनंतर बस काढतो. मधे ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याच संध्याकाळी फोन आला, आता भाव चाळीसवर जातोय, जुन्या भावात राहायचं तर हँगरचे पैसे आठवड्यात भरा. त्या आठवड्यात आमच्यासारख्या बऱ्याच जणांनी भरले.

सहा लाखांच्या बदल्यात मिळाला तो पाचशे रुपयांच्या स्टँपपेपरवरचा समजुतीचा करार. त्यात 'प्लॉट विक्री' असे शब्द कुठेच नव्हते. होतं ते 'एव्हिएशन क्लबचं सदस्यत्व' आणि 'भविष्यात भूखंड वाटपाचा अग्रहक्क'. ही हुशारी नंतर वकिलांनी उलगडून सांगितली. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, म्हणजे महारेराची, नोंदणी घ्यावी लागते, नोंदणीआधी जाहिरातसुद्धा करता येत नाही. शिवाय नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही, म्हणजे आमच्या बाबतीत तीन लाखांच्या वर एक रुपया नाही. सदस्यत्व विकलं की या सगळ्यातून सटकता येईल असा त्यांचा हिशेब. माहितीपत्रकावर महारेराचा क्रमांक होता, बरं का. तो महारेराच्या साइटवर टाकला तर भलत्याच गावच्या सात मजली इमारतीची नोंद उघडली. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. कंपनीच्या पत्रकावर कोड होता, पण स्कॅन केल्यावर कंपनीची स्वतःची वेबसाइट उघडायची.

दिवाळीनंतर बस निघाली. मुलुंडहून काटई नाका, नेवाळी, बदलापूर, मग बारवीच्या बाजूने मुरबाड. नेवाळीला बस थांबवून मॅनेजरने रस्त्यावरूनच हात केला, "ही बघा इंग्रजांची धावपट्टी, स्प्रूस क्रीकसारखीच! अडीअडचणीला ही आपल्याला मिळणार." नेवाळीची जमीन संरक्षण खात्याच्या नावावर आहे आणि ती परत मिळावी म्हणून तिथले शेतकरी वर्षानुवर्षं भांडताहेत. जून २०१७ मध्ये तिथे आंदोलन भडकलं होतं, पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या होत्या. अंबरनाथ-कल्याणच्या कोणालाही विचारा. त्या जागेवर क्लबच्या सदस्यांची विमानं उतरणार, हे बसमधल्या डोंबिवलीच्या एका बाईंना ऐकवेना. त्या उघड हसल्या.

प्रत्यक्ष जागेवर मुरूम टाकून रोलर फिरवलेली पट्टी होती. कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारं केशरी-पांढरं कापडी मोजं फडकत होतं, पट्टीच्या टोकाला फक्कीने मोठे आकडे काढले होते, ०९. बाकीचे फोटो काढत होते. हे मात्र तिथेच उभे राहून मावळत्या सूर्याकडे बघत बसले. मला वाटलं चक्कर आली की काय.

तो आकडा असाच नसतो काढायचा. धावपट्टीची दिशा होकायंत्रावर किती अंश येते ते पाहून दहाने भागतात, तो तिचा क्रमांक. ०९ म्हणजे नव्वद अंश, थेट पूर्व, आणि उलट्या बाजूने २७, पश्चिम. मुंबई विमानतळाची मुख्य पट्टी ०९-२७ आहे, कारण इथला वारा बहुतेक समुद्राकडून येतो आणि विमानाला वारा समोरून लागतो. तसं असेल तर सूर्य पट्टीच्या टोकाच्या आसपास मावळायला हवा. इथे तो पट्टीच्या बरोबर कुशीवर मावळत होता. म्हणजे पट्टी दक्षिणोत्तर, आणि आकडा मुंबई विमानतळाचा उचललेला! शिवाय एका टोकाला टेकडी, दुसऱ्या टोकाला उच्च दाबाच्या तारांचे मनोरे. ह्यांनी विचारलं, "अहो, विमान यायचं कुठून आणि जायचं कुठून?" मॅनेजर अडखळला नाही. नेपाळातल्या लुक्लाला एकाच बाजूने उतरतात आणि त्याच बाजूने उडतात, म्हणाला. तेही खरंच आहे. पण लुक्ला एव्हरेस्टच्या वाटेवर आहे, तिथे दुसरा इलाज नाही. मुरबाडला हौसेने राहायला जाणाऱ्यांनी तसं का उडायचं?

संध्याकाळी मुलाला फोन केला. त्याने दुसरी गोष्ट सांगितली, जी मला तरी जास्त पटली. तिकडे अमेरिकेत लहान विमानाचा मालक हवा चांगली असेल तर पुष्कळदा कोणाला न विचारता उडतो, म्हणून तिथे घराशेजारची धावपट्टी चालते. आपल्याकडे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं तर फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो, हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो. 'सकाळी उठा, विमान काढा, बारामतीत मिसळ खाऊन या' असं पत्रकात लिहिलेलं होतं. बारामतीला रोज उडणाऱ्या पोराला त्यावर काय हसू आलं!

मग कागद काढायला घेतले. सातबारा महाभूमीच्या साइटवर घरबसल्या मिळतो. करारात लिहिलेल्या गटांपैकी एकही कंपनीच्या नावावर नव्हता. दोन गटांवर आदिवासी खातेदार होते आणि 'इतर अधिकार' या रकान्यात कलम ३६ अ ची नोंद. अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकताच येत नाही. एका गटावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा. बिनशेतीचा आदेश म्हणून दाखवलेली झेरॉक्स भलत्याच गटाची. शेतजमीन तशीच घ्यायची म्हटली तर खरेदीदार शेतकरी असावा लागतो. आम्ही पार्ल्याचे, आमच्याकडे कुंडीतली तुळस.

राहिलं ते देशातल्या विमानवाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या डीजीसीएचं 'मंजुरीपत्र'. त्याची स्वच्छ प्रत आम्ही मागितली तेव्हा आठवडाभर टाळाटाळ झाली. आली तेव्हा दिसलं की ते कंपनीनेच लिहिलेलं पत्र आहे आणि वर फक्त आवक शिक्का आहे. सरकारी कचेरीत कोणीही कागद दिला की तो शिक्का मिळतो. नवा विमानतळ उभारायचा तर २००८ च्या धोरणाप्रमाणे आधी जागेची मंजुरी, मग तत्त्वतः मंजुरी, आणि भाडं घेऊन प्रवासी नेणारी विमानं नियमित उतरवायची तर डीजीसीएचा एरोड्रोम परवाना. ज्यांना परवाना आहे त्यांची यादी डीजीसीएच्या साइटवर असते. कोणी विमानतळाशेजारी घर विकायला आला तर पत्र बघूच नका, यादीत नाव विचारा. यादीत नाव नसेल तर तो मुरुमाचा रस्ताच समजा, आणि मुरुमाच्या रस्त्याशेजारच्या जागेचा तिथला भाव तलाठ्याकडे चौकशी केली तरी कळतो. आम्हाला लावलेल्या भावाच्या तो जवळपाससुद्धा नव्हता.

पैसे परत मागितल्यावर आधी म्हणाले, तुमचं सदस्यत्व दुसऱ्याला विकून देतो. मग अंधेरीचं ऑफिस 'नूतनीकरणासाठी' बंद झालं. पोलीस ठाण्यात आधी दिवाणी बाब म्हणून परत पाठवलं. आम्ही अकरा कुटुंबं एकत्र गेलो, सोबत खोटा महारेरा क्रमांक, सातबारे आणि वेगळ्या खात्यात गेलेल्या पैशांचे बँकेचे उतारे नेले, तेव्हा तक्रार घेतली गेली. महारेराकडेही नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची तक्रार वेगळी करता येते, ती केली आहे. आपण घेतलं ते सदस्यत्व की प्लॉट, यावर तिथे वाद होणार. म्हणून तीस लाख आणि पाच गुंठे असं स्पष्ट लिहिलेले त्यांचे सगळे व्हॉट्सअॅप निरोप, रील आणि हॉटेलातल्या स्लाइडचे फोटो जपून ठेवा. मॅनेजर ग्रुपवरचे स्वतःचे निरोप एक-दोन दिवसांत पुसून टाकायचा. ज्यांनी त्याआधीच चॅट एक्स्पोर्ट करून ठेवली होती त्यांच्याकडेच ते उरले.

तक्रारीनंतर काही जणांना कंपनीने पुढच्या तारखांचे चेक दिले. आम्हाला मिळालेला सहा लाखांचा चेक बँकेने परत पाठवला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर त्यांना पंधरा दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात कोर्टात जावं लागतं. आमचा खटला दाखल झाला आहे. ग्रुपमधल्या डॉक्टरांना तसाच चेक मिळाला होता. मॅनेजर त्यांना दर महिन्याला "साहेब, एवढा महिना थांबा, खात्यात रक्कम येते आहे" म्हणत राहिला. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते. ती उलटून गेल्यावर डॉक्टरांनी चेक बँकेत टाकला, आणि आता चेकच्या खटल्याचा त्यांचा रस्ता बंद झाला आहे.