एमसीआरची घरात घालायची चप्पल, आठ महिन्यांनंतर: टाच बरी, पट्ट्याचं भांडण चालूच

सुटलेल्या पट्ट्यासाठी काल चौथ्यांदा दुकानात जाऊन आले. उत्तर तेच, "ताई, पाणी लागलंय. पाण्याला वॉरंटी नाही." म्हणून आज पोळ्या आटोपल्यावर सगळं सविस्तर लिहायला बसले आहे. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, चपलेच्या तळाचं मऊ रबर. चप्पल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घेतली, आता ऑक्टोबर चालू आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझी तक्रार पट्टा नुसता चिकटवलेला असण्याबद्दल आहे, आणि तशा चपला कितीतरी दुकानांत मिळतात.

आधी माझं काम सांगते, म्हणजे चपलेवर किती भार पडला ते कळेल. मी चिपळूणात घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. पहाटे पाच ते साडेदहा ओट्यापाशी उभी, रोजच्या अडीचशे पोळ्या, पायाखाली टाइल आणि पाय अनवाणी. गेल्या दिवाळीनंतर उजवी टाच धरली. पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की अशी कळ यायची की भिंत धरावी लागे. दहा-बारा पावलं चाललं की कमी व्हायची, दुपारी जरा बसून उठलं की पुन्हा तेच. तुम्हालाही असंच होत असेल तर पुढचं नीट वाचा.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. टाचेच्या हाडाला टोक आलेलं दिसलं आणि मी घाबरले. ते म्हणाले, त्या टोकाचं मनावर घेऊ नका, ज्यांची टाच कधीच दुखत नाही अशा कितीतरी लोकांना ते असतं. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टीसारखा भाग असतो, प्लांटर फॅशिया. दुखणं त्याचं. रात्रभर पाय सैल पडला की तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. त्यांनी घरातसुद्धा मऊ तळाची चप्पल घालायला सांगितलं, एक व्यायाम दाखवला आणि धीर धरायला सांगितलं. बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण आठवड्यात होत नाही. इंजेक्शनबद्दल मीच विचारलं. ते अगदी शेवटी बघू म्हणाले, कारण स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने ती पट्टी तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो.

चप्पल ११५० रुपयांची. आमच्या घरात एवढ्या पैशांची चप्पल लग्नकार्यालाच घेतली जाते, आणि ही तर घराबाहेर न्यायचीच नव्हती. दोन दिवस विचार करून घेतली.

पैशांपेक्षा मोठा प्रश्न स्वयंपाकघराचा होता. आमच्याकडे ओट्यापाशी चप्पल कधी आली नाही. सासूबाईंना सांगायला मला चार दिवस लागले. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, देवाचं सोवळं-ओवळं सगळं पाळणाऱ्या. डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, उंबऱ्याबाहेर न गेलेली चप्पल म्हणजे पायाखालचा पाटच समज. नैवेद्याच्या वेळी तेवढी काढ." विषय संपला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण टाचदुखीच्या कितीतरी बायका घरात चप्पल घालायची नाही म्हणून सोसत बसतात. घरातल्या मोठ्यांशी एकदा बोलून बघा.

आता चपलेचा तळ. त्याला मी पैकीच्या पैकी मार्क देते. पहिले दोन आठवडे पोटऱ्या भरून यायच्या, तेव्हा पैसे वाया गेले असंच वाटलं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून दुपारची टाच शांत व्हायला लागली. हे रबर स्पंजसारखं दिसतं, पण त्यातली हवेची छिद्रं बंद असतात, त्यामुळे ते पाणी पीत नाही आणि दाबलं की परत वर येतं. दर महिन्याला मी टाचेच्या जागी अंगठा रुतवून बघते. जेव्हा खड्डा तसाच राहील तेव्हा रबर बसलं, चप्पल बदलायची. आठ महिन्यांनी उजव्या टाचेखाली किंचित दबलंय, डावी अजून नव्यासारखी.

पण सगळं श्रेय चपलेला दिलं तर खोटं होईल. एप्रिलमध्ये भाचीच्या लग्नाला आठ दिवस रत्नागिरीला होते. चप्पल पायात होती, पण व्यायाम राहून गेला. पाचव्या दिवशी सकाळी कळ परत हजर. व्यायाम असा: उठण्याआधी पलंगावरच बसायचं, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढायची. तळपाय दोरीसारखा ताणलेला लागला पाहिजे. दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, पण सकाळचा पहिल्या पावलाच्या आधीच. संध्याकाळी फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली तळपायाखाली दहा-पंधरा मिनिटं फिरवायची. याला एक पैसा लागत नाही. जूनपर्यंत सकाळची कळ जवळजवळ गेली होती, आणि तेव्हाच हा अनुभव लिहिला असता तर या चपलेची नुसती स्तुती केली असती.

मग पाऊस लागला.

चिपळूणचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. मागच्या दारी पागोळ्या, मोरीतून आलेले ओले पाय, फरशीला ओल. रबर पाणी पीत नाही, पण पट्ट्याच्या आतलं कापडी अस्तर पितं, आणि एकदा प्यालं की दोन-दोन दिवस वाळत नाही. पहिला त्रास बोटांच्या बेचक्यांत झाला. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये कातडी पांढरी, फुगलेली, खाज. चिखल्या. शेजारणीने तिच्याकडची ट्यूब दिली, दोन दिवसांत खाज थांबली, पण आठव्या दिवशी चिखल्या पलीकडच्या बेचकीत. औषधांच्या दुकानातल्या मुलीने ट्यूब बघून सांगितलं की यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने खाज दबते आणि बुरशी मोकाट पसरते. मग साधं क्लोट्रिमॅझोलचं मलम दोन वेळा लावलं, आणि कातडी स्वच्छ दिसायला लागल्यावरही दोन आठवडे चालू ठेवलं. जुन्या सुती साडीचे चौकोन कापून मोरीच्या दारात टांगलेत, प्रत्येक वेळी बेचक्या कोरड्या करायच्या आणि मगच चप्पल. चिखल्या परत आल्या नाहीत.

आणि मग पट्टा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उजव्या पट्ट्याचं आतल्या बाजूचं टोक तळातून सुटून बाहेर आलं. खरेदीला सव्वापाच महिने झाले होते, वॉरंटी सहा महिन्यांची. उघडल्यावर कळलं की पट्टा दोन थरांमध्ये नुसता चिकटवलेला आहे, एक टाकासुद्धा नाही. इतका विचार करून निवडलेलं रबर आणि त्याला धरून ठेवायला फक्त गोंद! ही चप्पल घरात घालायची म्हणून विकतात. घरात मोरी असते, फरशी पुसली जाते, ओट्यावरून पाणी सांडतं. तिला पाणी लागणारच. पाण्याला वॉरंटी नाही हे बिलावर छापलेलं नाही, डब्यावर नाही, घेताना कोणी बोललं नाही. मी बिल दाखवलं, फोटो दाखवले, कंपनीच्या नंबरवर तीनदा फोन केले. "कळवतो" म्हणाले, कळवलं नाही.

इतका राग एका पट्ट्यासाठी कशाला, असं घरच्यांनी विचारलं. मलाही ऑगस्टपर्यंत हा प्रश्न पैशांचाच वाटत होता. आता नाही, आणि त्याचं कारण सांगते.

माझा आराम बघून मार्चमध्ये सासूबाईंसाठीही याच कंपनीची, मागे पट्टा असलेली जोडी घेतली होती. १४९० रुपये. त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह. तपासणीत डॉक्टर तळपायाला एक नायलॉनचा धागा टेकवतात, दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि दोन्ही अंगठ्यांखाली धागा टेकलेला त्यांना कळलाच नाही. मागे पट्टा हवा, दोन बोटांमध्ये अडकणारी चप्पल नको, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, कारण चप्पल पायातून निसटली तरी त्यांना समजत नाही.

ऑगस्टमध्ये त्यांचाही पट्टा तसाच सुटला. दुकानाने हात वर केले, म्हणून यजमानांनी बाजारातून दुरुस्त करून आणली. घाईचा दिवस होता, मीही बघितलं नाही. सासूबाईंनी ती दीड दिवस घातली. रात्री पाय पुसताना मला टाचेजवळ रक्ताचा ठिपका दिसला. चप्पल उलटी करून हात फिरवला. पट्टा बसवायला दोन बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, मारल्या होत्या, त्यातल्या एकीचं टोक वर आलं होतं. त्या दीड दिवस त्यावर चालल्या आणि त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. मी तिथेच रडले. जखम लहान होती, डॉक्टरांकडे लगेच नेलं, तीन आठवड्यांत भरली. नशीब म्हणायचं.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेली गोष्ट मनातून जात नाही. पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून झडतात असं तेव्हा सगळे मानत. त्यांनी दाखवून दिलं की रोगाने संवेदना जाते, मग भाजलेलं, टोचलेलं, घासलेलं कळत नाही आणि त्या जखमांनी पाय जातो. एमसीआरच्या चपला तिकडेच, अशा बधिर पावलांसाठी घडत गेल्या, आणि त्यात खिळा कधीही मारायचा नाही हा नियम आहे. आजही सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात त्या मोफत देतात. ज्या चपलेचा जन्मच टोचलेलं न कळणाऱ्या पायांसाठी झाला, तिचा पट्टा पहिल्या पावसात सुटावा आणि माणसाला खिळेवाल्या दुरुस्तीकडे जावं लागावं, याचा मला मनापासून राग आहे.

सप्टेंबरपासूनचं सांगते. बसस्टँडजवळ चपला शिवणारे एक काका आहेत. त्यांना मी सगळं समजावलं. ते म्हणाले, "वहिनी, खिळा नको ना, मग दोऱ्याने शिवतो." दोन्ही जोड्यांचे सगळे पट्टे मेणाच्या दोऱ्याने शिवून दिले, टाके रबराच्या खालच्या थरात घेतले, वर पायाला लागतील असे नाहीत. जोडीचे साठ रुपये. तेव्हापासून एक टोकही हललेलं नाही. म्हणजे कारखान्यात साठ रुपयांचं काम केलं असतं तर हे काही घडलंच नसतं. माझी चप्पल आठ महिन्यांत दिवसाला पाच रुपयांच्या आसपास पडली आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. घेताना पट्टा ओढून बघा, टाका दिसतोय का विचारा. नसेल तर दुकानातून थेट शिवणाऱ्याकडे जा.

भेगांचं विचारतील म्हणून थोडक्यात. माझ्या टाचांना थंडीत भेगा पडायच्या, चप्पल घातल्यापासून कमी आहेत. रात्री वजरीने हलकं घासून कोकमाचं तेल पातळ करून लावते आणि मोजे घालते. सासूबाईंना मात्र वजरी नाही, ब्लेड नाही, कुरुपाच्या पट्ट्या नाहीत, कारण त्या पट्ट्यांतल्या आम्लाने चांगली कातडीही जळते. त्यांना युरियाचं मलम, तेही बोटांच्या बेचक्यांत सोडून.

आता रोज रात्री मी त्यांचे दोन्ही तळवे उजेडात बघते आणि चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवते. "अगं, रोज काय शोधतेस?" असं त्या पहिले काही दिवस विचारायच्या. आता मी आले की स्वतःच पाय पुढे करतात. कंपनीचा फोन आजही आलेला नाही. सोमवारी पाचव्यांदा दुकानात जाणार आहे, आणि या वेळी ती चूक कागदात गुंडाळून बरोबर नेणार आहे.