पुएब्ला: आधी रोझारिओ चॅपल, मग बाकीचं

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात एकच वास्तू पाहायला वेळ असेल, तर सांतो दोमिंगो चर्चमधलं रोझारिओ चॅपल निवडा. १६९० सालच्या या चॅपलच्या भिंतींपासून घुमटापर्यंत गिलाव्यात उठवलेली वेलबुट्टी आहे, वर सोन्याचा वर्ख. दारातून डोकावून परतू नका. घुमटाखाली उभं राहून वर बघा, खरं काम तिथेच दिसतं. प्रार्थना चालू असताना फिरणं बरं नाही, म्हणून रविवार टाळा.

कॅथेड्रलशेजारचं पालाफोक्सियाना ग्रंथालय १६४६चं. लाकडी कपाटांचे तीन मजले, त्यातला वरचा नंतर चढवलेला. सोमवारी बंद. आल्फेन्यीके हवेलीचं पांढरं नक्षीकाम साखरेच्या मिठाईसारखं, नावही त्या मिठाईचंच. शहर २,१०० मीटरांवर आहे. पहिल्या दिवशी दम लागतो, सावकाश चाला.