तीन महिने गॅस हीटर वापरला, कूलरची खिडकी उघडी ठेवून

नोव्हेंबरच्या शेवटी आईसाठी गॅसवरचा रूम हीटर घेतला. आता फेब्रुवारी संपला, हीटर पुसून ठेवला, म्हणून लिहायला बसले. कंपनीचं नाव देत नाही. मला जे सांगायचं आहे ते या जातीच्या प्रत्येक हीटरला लागू आहे. धुरांडं नसलेला, जळलेल्या गॅसचं जे काही होतं ते खोलीतच सोडणारा कुठलाही हीटर घ्या, गोष्ट तीच.

नागपूरला हीटर कशाला, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर आला होता. दरवर्षी तेवढा जात नाही, पण विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं की आठ-दहा अंशांच्या रात्री ठरलेल्याच. आणि आपली घरं बांधलेली आहेत मे महिन्यासाठी, थंडीसाठी नाहीत. आई ७८ वर्षांची, संधिवात आहे, डिसेंबर लागला की सकाळी बोटं मिटत नाहीत. विजेचा हीटर आधी होता, पण आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटचं वायरिंग जुनं आहे. गिझर सुरू असताना तो लावला की एमसीबी पडायची. म्हणून गॅस.

हीटर चाकांवरच्या छोट्या कपाटासारखा आहे. मागच्या कप्प्यात सिलिंडर, पुढे जाळीमागे चिनी मातीच्या बारीक भोकांच्या तीन पट्ट्या, त्या तापून लाल होतात. तिन्ही पेटवल्या की ४.२ किलोवॅट, एक पेटवली की साधारण १.४. ऊब मात्र खरंच छान येते. विजेच्या ब्लोअरसारखी कोरडी, तोंडावर मारणारी हवा नाही, समोर बसलं की उन्हात बसल्यासारखं वाटतं. आईची बोटं पंधरा मिनिटांत मोकळी होतात. या एका गोष्टीसाठी मी त्याला पूर्ण गुण देते.

आता खोलीचं गणित. सोबतच्या पुस्तिकेत दोन ओळी होत्या. बसायच्या खोलीत दर किलोवॅटला २० घनमीटर जागा हवी, आणि दर किलोवॅटला २५ चौरस सेंटिमीटर इतकी कायमची उघडी जागा हवी, अर्धी जमिनीजवळ, अर्धी छताजवळ. दुकानदाराने हे सांगितलं नाही, मीही पहिले आठ-दहा दिवस वाचलं नाही. आमची समोरची खोली १० बाय १२, उंची १० फूट, म्हणजे १,२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर. २० ने भागलं की येतात १.७ किलोवॅट. म्हणजे या खोलीत एकच पट्टी लावायची. तीन पट्ट्यांचा हीटर मी उगाच घेतला. तीन पट्ट्यांना ८४ घनमीटर लागतात, तेवढी खोली आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे नसेल. घ्यायच्या आधी टेप घेऊन खोली मोजा, एवढं कळकळीने सांगते.

उघडी जागा तशी फार लागत नाही. पूर्ण ४.२ किलोवॅटलाही १०५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडी कमी. पण ती कायम उघडी हवी, आठवण झाली की उघडली अशी नाही. आणि इथेच आपल्या नागपूरच्या घरांची अडचण आहे. महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात कौलांतून आभाळ दिसायचं. तिथे आजी शेगडी पेटवायची आणि धूर आपोआप वर जायचा. फ्लॅटला स्लायडिंगच्या खिडक्या, दाराखाली रबर. एकच मोठं भोकसं असतं, कूलरची खिडकी, आणि दिवाळीनंतर आपण सगळ्यात आधी तीच बंद करतो. ताट्या काढतो, कूलर गच्चीवर नेतो आणि खिडकीला प्लायवूड ठोकून फटींत थर्माकोल कोंबतो. उन्हाळ्यात जी खिडकी घर जगवते, ती हिवाळ्यात आपणच बुजवतो.

मी काय केलं ते सांगते. सुताराकडून त्या प्लायवूडच्या खालच्या बाजूला पोस्टकार्डाएवढी चौकट कापून घेतली, आतून बारीक तारेची जाळी लावली. समोरच्या भिंतीत, गॅलरीच्या दारावर जुना व्हेंटिलेटर आहे, त्याची काच रंगवून पक्की केलेली होती. ती काढून तिथेही जाळी बसवली. खालून गार हवा येते, तापलेली हवा वरून जाते. दोन्ही भोकं समोरासमोर आणि उंचीला वेगळी असल्यामुळे वारा अंगावर येत नाही; तो येईल अशी आईला भीती होती. खालचं भोक का, तर एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर पसरतो. वरच्या भोकातून तो कधीच जाणार नाही.

हे शहाणपण मात्र एका संध्याकाळनंतर आलं, ती संध्याकाळ लपवत नाही.

डिसेंबरचा दुसरा आठवडा असेल. तेव्हा भोकं पाडलेली नव्हती, मी फक्त खिडकी चार बोटं सरकवून ठेवायचे. सहाला बाजारात गेले. साडेसातला परत आले तर खोली भट्टीसारखी, खिडकी बंद, दाराखाली जुनं लुगडं गुंडाळून लावलेलं आणि तिन्ही पट्ट्या सुरू. खिडकीच्या काचा आतून इतक्या ओल्या की पाण्याचे ओघळ खाली चौकटीत साचले होते. आई म्हणाली, "एवढी थंडी अन् तू खिडकी उघडी ठेवून जातेस? गुडघे आखडून राहिले माझे." मग म्हणाली, "डोकं जड झालं जरासं, पित्त असंल." माझ्या मुलीचंही डोकं दुखत होतं, ती आत अभ्यासाला बसली होती, दार उघडंच होतं. मी चप्पल काढतेय तेवढ्यात टक् असा आवाज झाला आणि हीटर आपोआप विझला.

दारं-खिडक्या उघडल्या, दोघींना गॅलरीत बसवलं. अर्ध्या तासात डोकी हलकी झाली. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखतं आणि मोकळ्या हवेत गेलं की थांबतं, हे पित्त नसतं. हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

त्या काचांवरच्या पाण्याबद्दल मी नंतर वाचलं. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. तीन पट्ट्या ताशी तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम गॅस खातात, म्हणजे दीड तासात पाऊण लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत सुटलं होतं. तेव्हापासून मी काच बघते. काच ओली झाली म्हणजे हवा बदलत नाहीये, आणि पाण्याच्या वाफेला जायला वाट नाही तर बाकीच्यालाही नाही.

दुसऱ्या दिवशी हीटर पेटला, पण पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा विझला. मला वाटलं बिघडला. कारागीर बोलावला, माणूस बोलायला चांगला होता. त्याने मागचं झाकण काढलं, बारीक ज्योतीजवळची तांब्याची कांडी बोटाने दाखवली आणि म्हणाला, "ताई, हा सेन्सरच कटकट करून राहिला. बायपास करून देतो, मग बंद पडणारच नाही. सगळेच करून घेतात, काही होत नाही." दीडशे रुपयांचं काम होतं. मी नको म्हणाले. त्या क्षणी मला त्याचं तंत्र कळत नव्हतं, पण काल संध्याकाळी ज्याने आईला वाचवलं तेच तो काढायला निघाला होता, एवढं कळत होतं.

ते तंत्र असं आहे. हीटरमध्ये एक छोटी ज्योत सतत जळत असते, तिच्या टोकाला ती कांडी तापत राहते. तापलेली कांडी अगदी थोडी वीज तयार करते आणि त्या विजेवर गॅसचा झडप उघडा राहतो. म्हणूनच पेटवताना बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. तो १८ च्या आसपास उतरला की ती ज्योत उचलली जाते, कांडीपासून लांब होते, कांडी थंड पडते आणि झडप बंद होतो. तो टक् आवाज झडपाचा होता. माझ्या हीटरला दुसऱ्या दिवशी झालेला त्रास वेगळाच निघाला. ज्योतीच्या तोंडाशी धूळ आणि कोळिष्टक होतं, म्हणून ज्योत आधीच वाकडी होती. कंपनीच्या अधिकृत माणसाने येऊन साफ करून दिलं, तेव्हापासून एकदाही तक्रार नाही.

पण या सेन्सरवर सगळं सोपवू नका. तो फक्त प्राणवायू कमी झाल्याचं ओळखतो, कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. पट्ट्यांत धूळ बसली, पट्टी तडकली, तर हवा पुरेशी असतानाही अर्धवट जळून तो वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. म्हणून मी जानेवारीत आकडा दाखवणारा वेगळा अलार्म घेतला. हा एलपीजी गळतीचा अलार्म नव्हे, दोन्ही वेगळे. गळतीचा जमिनीपासून हातभर उंचीवर लावतात, हा बसल्यावर नाक येतं त्या उंचीला, हीटरपासून थोडा लांब. एरवी शून्य दाखवतो. संक्रांतीच्या आधी एकदा ३५ पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग) दाखवले. हीटर बंद केला, पाहिलं तर एका पट्टीच्या कोपऱ्यात लाल रंगाऐवजी पिवळ्या जिभा येत होत्या, वर जाळीला काजळीही होती. गोधडीचा कापूस उडून भोकांत गेला होता. मऊ ब्रशने झाडून काढलं, पुन्हा शून्य. पट्टी सगळीकडे सारखी लाल हवी, पिवळी ज्योत दिसली की त्या दिवशी हीटर नको.

आणखी एक, जे मला एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलं. कोरोनापासून आपल्या सगळ्यांकडे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत तो फसवतो. रक्तात तो वायू असला तरी आकडा ९८ दाखवू शकतो, कारण रक्ताने प्राणवायू धरलाय की हा वायू, हा फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. तेव्हा डोकं जड, मळमळ, चक्कर असं काही वाटलं तर आकड्यावर विसंबून घरी थांबू नका. बाहेर या, दवाखान्यात जा आणि गॅसचा हीटर सुरू होता हे तिथे आधी सांगा.

बाथरूममधल्या गॅस गिझरचंही हेच, उलट जास्तच. सहा लिटरचा गिझर पूर्ण चालतो तेव्हा दहा किलोवॅटच्या आसपास जळतो, माझ्या हीटरच्या सात पट्ट्यांएवढा, आणि तोही कडी लावलेल्या लहानशा खोलीत. आमच्याकडे होता तो मी याच हिवाळ्यात बाहेर गॅलरीत बसवून घेतला.

आता आमची पद्धत ठरली आहे. एकच पट्टी, सकाळी पाऊण तास, संध्याकाळी तासभर. झोपायच्या खोलीत कधीच नाही, कुणी झोपलेलं असताना कधीच नाही. रात्री आईला गरम पाण्याची पिशवी आणि दोन गोधड्या. पडदे आणि अंथरूण समोरून मीटरभर लांब. काम झालं की आधी रेग्युलेटर बंद, मग हीटर. नळी आयएसआय मार्कची, तारेची जाळी असलेली, तिच्यावर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडर बदलला की साबणाचा फेस लावून बघते, काडी पेटवून नाही. गळतीचा वास आला तर १९०६ हा नंबर फ्रीजवर लिहून ठेवलाय. एका पट्टीला ताशी ११० ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, त्यामुळे खर्च वाटला होता त्यापेक्षा कमी आला.

घ्यावा का, असं विचाराल तर ज्यांच्याकडे मोठी खोली आहे, दोन भोकं पाडायची तयारी आहे आणि अलार्मचे पैसे वेगळे काढायची तयारी आहे, त्यांनी घ्यावा. एक खोलीत राहणाऱ्यांनी, तिथेच झोपणाऱ्यांनी घेऊ नये, त्यांना विजेचा तेलाचा हीटर बरा, वायरिंग दुरुस्त करावं लागलं तरी. मी स्वतः पुढच्या वर्षी वायरिंग करून घेणार आहे.

परवा हीटर गुंडाळला. सिलिंडर काढला, ज्योतीच्या तोंडावर कोळी जाऊ नये म्हणून मलमलचा तुकडा बांधला, वर जुनी चादर. होळीनंतर कूलर खाली येईल तेव्हा ते प्लायवूड निघेल. त्याच्या आतल्या बाजूला, जाळीच्या वर, आईने मला मार्कर मागून स्वतः लिहिलं आहे, थरथरत्या हाताने, मोठ्या अक्षरांत : हे बुजवायचं नाही.