पेज, हाउ की बेक: अष्टपैलू गिटारवादक कोण?

रॉकमधला सर्वांत अष्टपैलू गिटारवादक कोण, या वादात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ब्लूज, लोकसंगीत, हेवी रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी सुरावट) असं नाना तऱ्हेचं संगीत रचणं वेगळं आणि एकाच गिटारीला नाना आवाजांत बोलतं करणं वेगळं. तुम्ही कोणाचं वादन अभ्यासायचं हे ठरवत असाल, तर आपल्याला यातलं काय हवंय ते आधी पाहा.

गाणी रचायची असतील, तर जिमी पेज. लेड झेपलिन या त्याच्या बँडच्या आधी तो लंडनच्या स्टुडिओंत इतरांच्या रेकॉर्डवर वाजवत होता. गाण्याला काय लागतं याची जाण तिथेच तयार झाली. 1970 च्या तिसऱ्या अल्बमचा मोठा भाग अकूस्टिक आहे, पुढच्याच वर्षी तो मँडोलिन वाजवतो आणि 1975 च्या ‘काश्मीर’साठी डी-ए-डी-जी-ए-डी हे ट्यूनिंग (सहा तारा या सुरांत लावणं) घेतो. मोकळ्या तारांची गुंज त्या रिफला आधार देते. मैफलीतले त्याचे सोलो मात्र मला बरेचदा विस्कळीत वाटतात.

निरनिराळ्या शैलींचं शुद्ध तंत्र हवं असेल, तर येस या बँडचा स्टीव्ह हाउ. ‘क्लॅप’मधलं रॅगटाइमच्या (जुन्या अमेरिकी पियानो संगीताच्या) वळणाचं फिंगरपिकिंग (बोटांनी तारा छेडणं) आणि ‘मूड फॉर अ डे’मधली स्पॅनिश ढब, दोन्ही 1971 मधलीच. क्वीनच्या ‘इन्युएन्डो’तली स्पॅनिश गिटारही त्याची.

आणि जेफ बेक. माझं मत त्याच्याच पारड्यात. 1965 मध्ये यार्डबर्ड्स या बँडच्या ‘हार्ट फुल ऑफ सोल’साठी सतार आणून पाहिली, ते जमलं नाही, बेकने तीच सुरावट फझ (आवाज खरखरीत करणारं उपकरण) लावलेल्या गिटारवर वाजवली. 1975 मध्ये ‘ब्लो बाय ब्लो’ हा जॅझ-फ्यूजनकडे झुकलेला, गायनाशिवायचा अल्बम. 1993 मध्ये रॉकाबिली (रॉक आणि कंट्रीचं जुनं मिश्रण), 1999 मध्ये इलेक्ट्रॉनिक ठेके. पण खरी किमया हातात आहे. त्याने पिक (तार छेडायची चकती) सोडून दिलं. अंगठ्याने तार छेडायची, करंगळीने व्हॉल्यूम उघडायचा, ट्रेमोलो आर्म (सूर वरखाली करणारी दांडी) तळव्याशी. 1989 च्या ‘व्हेअर वेअर यू’मध्ये हार्मोनिक्स (तारेला हलका स्पर्श करून निघणारे बारीक, उंच सूर) आर्मने वरखाली खेचून तो सबंध सुरावट उभी करतो. 2001 मध्ये त्याने ब्रिटिश संगीतकार नितीन साहनीची ‘नादिया’ वाजवली. तिच्यात मूळ गायिकेच्या मींड आणि मुरक्या गिटारवर इतक्या नेमक्या येतात की शब्द नसल्याचं जाणवतच नाही. शैली बदलली तरी दोन सुरांत ओळखू येतो तो बेकच.

रचनेच्या बाबतीत तो पेजच्या मागे आहे, हे मान्य. त्याने बरंचसं वाजवलं ते इतरांनी लिहिलेलं.

बेक निवडलात, तर ‘नादिया’ने सुरुवात करू नका. ‘ब्लो बाय ब्लो’मधली स्टीव्ही वंडरची संथ रचना घ्या आणि प्रत्येक सूर व्हॉल्यूम शून्यावरून उघडत वाजवा.