येळवस, पैसे भरून: औशाकडच्या शेतावरचा एक दिवस

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, शेतात जाऊन पूजा करायचा आणि तिथंच जेवायचा सण. येळवशीला कुणी जेवणाचे पैसे घेत नाही. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून शेतात नेतात आणि पोटभर खाऊ घालतात. त्यामुळं लातूरहून औशाकडं जाताना लागणाऱ्या या कृषी पर्यटन केंद्राचा ‘वेळ अमावास्या, पूर्ण दिवस, मोठ्यांना 800 रुपये, बारा वर्षांखालच्यांना 400’ असा दर ऐकला तेव्हा माझं मन काही तयार होईना. तरी 30 डिसेंबर 2024 ला आम्ही सगळे गेलो, आणि आज मी बाहेरगावी राहणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या घराला या केंद्राचा नंबर देते.

माझा धाकटा भाऊ, भावजय आणि दोन भाचरं नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असतात. तिकडं दिवाळीची सुट्टी नाही. फराळ, आकाशकंदील, रांगोळी सगळं होतं, पण शाळा-ऑफिस सांभाळून. लक्ष्मीपूजन मंगळवारी आलं तर पाहुण्यांना बोलवायचं ते शनिवारीच. गणपतीचंही तेच. लेकरांचं वर्ष तिथल्या सणांवर चालतं. 5 डिसेंबरला सिंटरक्लासच्या, म्हणजे लेकरांना भेटी देणाऱ्या तिकडच्या संताच्या, भेटवस्तूंची संध्याकाळ असते. त्याआधी रात्री बुटात त्याच्या घोड्यासाठी गाजर ठेवायचं, सकाळी त्या जागी मसाल्याची बारकी बिस्किटं सापडतात. 27 एप्रिलला राजाचा वाढदिवस, तेव्हा लेकरं रस्त्याकडेला चादर पसरून आपली जुनी खेळणी विकतात. नाताळच्या आधी रेल्वेनं जर्मनीत कोलोनला जाऊन तिथला बाजार बघायचा. थर्टीफर्स्टला ओलीबोलन, आपल्या गुलगुल्यांच्या जातीचा गोड पदार्थ, वरून पिठीसाखर. भाऊ-भावजय हे सगळं मनापासून करतात आणि ते बरोबरच आहे. लेकरं जिथं वाढायलेत तिथले सण त्यांचे व्हायलाच पाहिजेत.

पण मार्गशीर्षातली अमावास्या कधीमधी त्यांच्या नाताळच्या सुट्टीत येते. 2022 ला एका दिवसानं हुकली, ती 23 डिसेंबरला होती आणि शाळेची सुट्टी 24 पासून. 2024 ला 30 डिसेंबर, सोमवार, सुट्टीच्या ऐन मधे. भावानं पंचांग बघून मे महिन्यातच विमानाची तिकिटं काढली. मुंबईला उतरायचं, रात्रीची लातूर एक्सप्रेस धरायची, सकाळी घरी.

अडचण शेताची होती. आमचं शेत 2016 ला विकलं; मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं ते साल. नातेवाइकांकडं बोलावणं दरवर्षी असतं आणि आम्ही जातोही. मात्र दुपारी जाऊन जेवून येणं वेगळं आणि लेकरांनी आपल्या हातानं कोप, म्हणजे पूजेसाठीची कडब्याची खोपी, उभी करणं वेगळं. भावाला दुसरं पाहिजे होतं. केंद्राला फोन लावला तर मालकांनी पहिलं हेच विचारलं, “सातला येणार का अकराला?” सातला येणाऱ्यांच्या वाट्याला काम येतं, अकराला येणाऱ्यांच्या वाट्याला जेवण. दर एकच. अकराला जाणार असाल तर 800 रुपये जास्त आहेत. सातला गेलात तर अजिबात नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा हरभऱ्यावर दव होतं. मालकांच्या आईंनी (तिथं सगळे त्यांना मोठीआई म्हणतात) भाचीला पाल्यावरून हात फिरवून बोट चाटायला सांगितलं. हरभऱ्याची ती आंब, खारट-आंबट, जिभेला चुरचुरणारी. पोरगी वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट चाटत गेली. तिच्या आईनं सुरुवातीला टिश्यू पेपर काढला होता, तो परत पर्समध्ये गेला.

मग कोप. कडब्याच्या पाच पेंढ्या, बुडखे खाली पसरायचे आणि शेंडे वर एकत्र बांधायचे. केंद्राच्या गड्यानं एक कोप नमुन्याला करून दाखवली आणि बाजूला झाला. हे मला फार आवडलं. भावाची पहिली गाठ सुटली आणि पेंढ्या आडव्या झाल्या, तरी गडी मधे पडला नाही. फक्त म्हणाला, “सुंभ वल्लं करून घ्या, घट बसतंय.” ओलं केल्यावर बसलं. आत पाच दगड मांडले, त्यांना चुना लावला, वरून काव. हे पाच पांडव. भाच्याला चुना लावायचं काम मिळालं आणि त्यानं एकेका दगडाला इतका वेळ घेतला की शेजारच्या कुटुंबाची पूजा उरकत आली. घरून नेलेली शाल कोपीवर टाकली, हळद-कुंकू, कणसं, नैवेद्य.

नैवेद्य ठेवताना भाचा भाजीच्या टोपलीतलं गाजर घेऊन आला आणि दगडांसमोर ठेवलं. पांडवांना घोडे होते का, असं त्यानं मला आदल्या दिवशी विचारलं होतं, ते मला तेव्हा कळलं. भावजय ते उचलायला वाकली तर मोठीआई म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे माय, घोड्याला लागतंय की.” गाजर दिवसभर तिथंच होतं.

जेवणाबद्दल मोकळ्या मनानं चांगलं बोलता येतं. भज्जी, म्हणजे येळवशीची सगळ्या दाण्यांची आणि भाज्यांची मिळून केलेली भाजी, हॉटेलातल्या मिक्स व्हेजसारखी करायची पद्धत अलीकडं शहरात आली आहे, इथं तसलं काही नाही. तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, हरभऱ्याचे ओले घाटे, भुईमुगाचे दाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगी, सगळं एका मोठ्या पातेल्यात चुलीवर. चिंचेचा कोळ, हिरवी मिरची-लसणाचा ठेचा, आणि शेवटी डाळीचं पीठ कालवून लावायचं. पीठ लावताना गुठळी झाली तर भज्जी बिघडते. त्यामुळं तिथं मोठीआई स्वतः उभ्या राहतात आणि पातेलं ढवळायला पाहुण्यांपैकी एखादीला बोलावतात. मी ढवळली. दंड भरून आले. दाणा शिजलेला पण अख्खा, रस पळीवरून सावकाश उतरेल इतका दाट. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, धपाटे, गव्हाची खीर. उंडा भज्जीत कुस्करून खायचा हे भाचरांना सांगावंच लागलं नाही, पंगतीतल्या दुसऱ्या लेकरांचं बघून सुरू झाली.

आंबील मात्र मला पटली नाही. चव ठीक होती, ज्वारीचं पीठ चांगलं आंबलेलं, ताक-जिरं-लसूण बेताचं. पण ती स्टीलच्या थर्मासच्या टाकीतून नळानं देत होते. पूजेपुरतं मडकं आणि पिण्याला टाकी. मडक्यातल्या आंबिलीला एक मातीचा वास असतो आणि तेवढ्यासाठीच माणूस दुसरा पेला मागतो. चार-पाच मडकी विकत घेणं काही अवघड नाही.

जेवणाआधी आंबील शिंपडायला पुरुष मंडळी शेतात निघाली. “ओलगे ओलगे सालम पोलगे” म्हणत पिकातून फेरी. भावाचा आवाज पहिल्यांदा घशातच राहिला. दुसऱ्या बांधाला पोचेपर्यंत तो असा ओरडायला लागला की मला आमच्या शेतातले वडील दिसले. भाचा मागनं पळत तेच ओरडत होता, निम्मे शब्द स्वतःचे घालून.

आता पैशांचं. जेवताना रस्त्यावरून दोन मोटारसायकलवाले चालले होते. मालकांच्या मुलानं हात करून थांबवलं, आणलं, आमच्याच पंगतीत बसवलं. त्यांच्याकडून एक रुपया घेतला नाही. मी मोठीआईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, “जेवणाचे कुटं घेताव आमी? कडबा, गाडी, पोरांचा रोज, त्येचे घेताव. जेवण कुणालाबी हाय.” अशी माणसं दिवसभर येत राहिली आणि कुणालाच परत लावलं नाही. माझी जी मुख्य हरकत होती ती तिथं संपली.

राहिलेल्या हरकती आहेतच. दुपारी बारानंतर एका कंपनीचा मोठा ग्रुप आला आणि लाऊडस्पीकरवर सिनेमाची गाणी सुरू झाली. येळवशीला शेतात हाका, भांडी, बैलाच्या गळ्यातली घंटा असा आवाज असतो. स्पीकर लावायचाच तर वेगळ्या दिवशी लावा. बायकांसाठी शौचालय एकच, आणि दुपारी रांग. फेटा बांधून बैलगाडीत फोटो काढायचे वेगळे 200 रुपये, आणि त्यासाठी एक पोरगा सारखा मागं लागतो. भावजयीला तो “मॅडम, फॉरेनला दाखवायला” असं म्हणाला, ते तिला लागलं. ती मूळची परभणीची, आणि तिथं दाखवायला आली नव्हती.

सगळ्यात मोठी उणीव संध्याकाळची. दिवस मावळताना पेटता पलिता घेऊन पिकाभोवती फिरायचं असतं. केंद्राची वेळ पाचला संपते. आम्ही थांबतो म्हटल्यावर मालकांनी थांबू दिलं, पलिताही करून दिला, भाचीनं तो बापाच्या हाताला धरून बांधापर्यंत नेला. पण बाकीची कुटुंबं पाचलाच गाडीत बसून गेली, कारण असं काही असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. ज्यांनी हे लहानपणी पाहिलं नाही ते विचारणार कसे? पूर्ण दिवसाचे पैसे घेता तर दिवस मावळेपर्यंत ठेवा. दुसऱ्या दिवशीची नळदुर्ग-तुळजापूरची गाडीही त्यांच्याकडून घेतली होती. गाडी बरी, ड्रायव्हर चांगला, पण ती सोय लातुरात कुठंही मिळते.

2025 चं सांगते, कारण सेवा कशी आहे ते तिथं कळतं. येळवस 19 डिसेंबरला, शुक्रवारी आली आणि आइंडहोव्हनच्या शाळेची सुट्टी 20 पासून. भावानं हौसेनं ऑगस्टमध्येच आगाऊ रक्कम भरून ठेवली होती. तिकडं मुलाच्या शाळेबद्दलचे नियम कडक आहेत, सुट्टीबाहेर रजा पाहिजे तर मुख्याध्यापकांची परवानगी लागते. सणापुरता दिवस मिळाला असता, पण एका दिवसात लातूरला येऊन जाता येत नाही. मी नोव्हेंबरमध्ये केंद्राला फोन केला. आगाऊ रक्कम परत देण्याबद्दल त्यांनी आधी काही कबूल केलेलं नव्हतं, तरी दोन दिवसांत पूर्ण पैसे माझ्या खात्यावर आले. शिवाय मोठीआईंनी भावजयीला व्हिडिओ कॉलवर भज्जी सांगितली. तिकडं पावटा आणि तूर फ्रोजन मिळते, चुका मिळत नाही. त्या म्हणाल्या, पालक घाल आणि चिंच वाढव. घरामागच्या हातभर बागेत भाऊ-भावजयीनं बांबूच्या काठ्यांची कोप केली आणि शेजारच्या डच आजी-आजोबांना जेवायला बोलावलं. कंपनीचा ग्रुप आणि स्पीकर असलेलं केंद्र आणि हे वागणं एकाच घरचं आहे, म्हणून मी आधीच्या तक्रारी इतक्या मोकळेपणानं लिहू शकते.

परदेशातल्या मंडळींनी तारखा आधी बघाव्यात. पुढची येळवस 7 जानेवारी 2027 ला आहे, तेव्हा भाच्यांची शाळा सुरू झालेली असेल. त्यापुढची 27 डिसेंबर 2027 ला, सोमवारी, नाताळच्या सुट्टीत. भावानं ती धरून ठेवली आहे. फोन करताना सातची वेळ मागा, संध्याकाळी पलित्यापर्यंत थांबणार हे आधीच सांगून ठेवा, आणि प्यायची आंबील मडक्यातली पाहिजे असं मीही पुन्हा सांगणार आहे, तुम्हीही सांगा.