प्लेनर बोर्ड: लाईनवर लावायचा की मास्टवरून ओढायचा?

पावसाळ्याचा गढूळपणा गेला की मध्य प्रदेशात नर्मदेवरच्या इंदिरा सागर जलाशयाचं पाणी निवळतं. मग काठालगतच्या दीड-दोन मीटर उथळ खडकाळ पट्ट्यात चरणारे महसीर मोटरच्या आवाजाने आणि बोटीच्या सावलीने दूर सरकतात. बोटीच्या सरळ मागे ओढलेलं ल्यूअर, म्हणजे गळाचं नकली आमिष, त्यांच्यापर्यंत पोचतं तेव्हा जागा रिकामी झालेली असते. प्लेनर बोर्ड, म्हणजे लाईनला बोटीपासून बाजूला नेणारी तरंगती फळी, ही अडचण सोडवतो. त्याचं नाक तिरपं कापलेलं असतं आणि तो उतार बोटीच्या बाजूला राहतो. बोट पुढे गेली की पाणी त्या उतारावर दाबतं आणि बोर्डाला बाहेर ढकलतं. बोट चार मीटर खोल पाण्यात राहते, ल्यूअर मात्र काठाजवळून जातं. यशवंत सागर किंवा चोरलसारख्या लहान पाण्यावर याची गरज नाही. तिथे काठावरून फेकणंच बरं.

बोर्ड दोन प्रकारचे. पहिला लहान, थेट रॉडच्या लाईनवर क्लिपने बसणारा, म्हणजे इनलाईन. ‘ऑफ शोअर’चा पिवळा ओआर-12 हे त्याचं परिचित उदाहरण. दुसरा मोठा, दोन फळ्या आडव्या दांड्यांनी जोडलेला. तो बोटीवरच्या मास्टला, म्हणजे उभ्या खांबाला, बांधलेल्या स्वतंत्र दोरीने ओढायचा आणि रॉडच्या लाईनी त्या दोरीवर सुटत्या क्लिपांनी अडकवायच्या.

इनलाईन बोर्डाला बोटीत काहीही ठोकावं लागत नाही. चांगले रॉड होल्डर आणि साडेसात-आठ फुटी, मध्यम लवचीक रॉड असले की झालं. बोट ताशी अडीच-तीन किलोमीटरवर चालती ठेवा. ल्यूअर वीस-पंचवीस मीटर मागे सोडा, मग लाईन आधी पुढच्या आणि नंतर मागच्या क्लिपमध्ये घाला. मागच्या क्लिपला खिळ असते, लाईन त्या खिळीच्या आतून गेली पाहिजे. पुढची क्लिप सुटली तरी बोर्ड मग लाईनवरच राहतो. खिळ चुकली तर बोर्ड सुटून वाहून जातो. बोर्ड डावा-उजवा वेगळा असतो, वजनाची बाजू खाली. पाण्यात ठेवल्यावर स्पूलवर अंगठा ठेवून लाईन हळूहळू द्या. एकदम मोकळी सोडली की बोर्ड उलटतो किंवा नाक खुपसतो, आणि बहुतेक नवख्यांची पहिली फजिती इथेच होते.

एका बाजूला दोन बोर्ड असतील तर बाहेरचा आधी सोडा. त्याचा रॉड पुढच्या होल्डरमध्ये ठेवा आणि त्याच्यावर उथळ जाणारं ल्यूअर लावा. खोल जाणारं ल्यूअर आतल्या बोर्डावर. बाहेरच्या लाईनला मासा लागला की तो बोर्ड मागे ओढला जातो आणि आतल्या लाईनीच्या वरून मागे येतो. उलटं लावलं तर गुंता ठरलेलाच.

इनलाईनचा खरा तोटा मासा लागल्यावर कळतो. बोर्ड रॉडच्या टोकाजवळ आला की कोणीतरी लाईन ताणलेली ठेवून तो काढावा लागतो. त्या क्षणी लाईन ढिली पडली की मासा गेला. म्हणून एकट्याने बोट चालवणाऱ्याने दोनपेक्षा जास्त बोर्ड लावू नयेत.

मास्टच्या पद्धतीत हा प्रश्न नाही. साधारण दोन मीटर उंच मास्ट, त्यावरून तीस-चाळीस मीटर मजबूत विणलेली दोरी, टोकाला मोठा बोर्ड. ल्यूअर मागे सोडून लाईन क्लिपमध्ये चिमटायची, क्लिपची कडी दोरीत अडकवायची आणि लाईन देत ती बोर्डाकडे सरकू द्यायची. मासा लागला की क्लिप लाईन सोडते आणि मासा व रॉड यांच्यामध्ये काहीच उरत नाही. हे सुख मोठं आहे. पण सुटलेली क्लिप दोरीवरच राहते, म्हणून रॉडच्या संख्येपेक्षा दुप्पट-तिप्पट क्लिपा जवळ लागतात. ताणही जमवावा लागतो. लाईन रबरात खोल चिमटली तर लहान मासा कोणाच्या लक्षात न येता ओढला जातो. काठावर चिमटली तर खोल जाणारं ल्यूअर स्वतःच क्लिप उघडत राहतं. मोठा बोर्ड मास्टला जोराने खेचतो. मास्ट पातळ पत्र्यावर चार स्क्रूंनी बसवला तर तो उखडतो. तळाला जाड प्लेट आणि खाली आधार हवाच.

मास्टचा बोर्ड घरी करता येतो. आय.एस. 710 छापाचं 18 मिलिमीटर मरीन प्लाय, प्रत्येक फळी सुमारे 75 बाय 20 सेंटिमीटर, नाक 45 अंशांत कापलेलं, दोन फळ्यांत 35-40 सेंटिमीटर अंतर. ओढणीची कडी बोटीकडच्या फळीला, पुढच्या टोकापासून साधारण एक-तृतीयांशावर. मागेपुढे आणखी दोन भोकं ठेवा. बोर्ड बाहेर न जाता मागेच रेंगाळला तर कडीचं भोक बदलून पाहा. प्लायच्या कापलेल्या कडांना इपॉक्सी नीट पाजा, नाहीतर एका हंगामात थर सुटतात.

निवड आपल्या पाण्यावरून करावी. इंदिरा सागराच्या पोटात हरसूदसह कितीतरी गावं आणि उभी झाडं आहेत. उन्हाळ्यात पातळी उतरली की वाळलेले शेंडे पृष्ठभागाशी येतात. त्यावर आदळलेला मोठा बोर्ड मास्टला पिळतो, लहान बोर्ड पटकन ओढून घेता येतो. शिवाय मच्छीमारांची गिलनेट जाळी पसरलेली असतात. चाळीस मीटर बाहेर गेलेली दोरी त्यांच्या फ्लोटांत अडकली तर त्यांचं दिवसभराचं काम वाया जातं. म्हणून चौदा-सोळा फुटी बोट, दोन माणसं, चार रॉड असतील तर आमचं उत्तर इनलाईन. सहा रॉड, तीन माणसं, रुंद मोकळं पाणी आणि पक्का बसवलेला मास्ट असेल तरच दुसरी पद्धत घ्या.

लाईन 15 ते 20 पौंडी नायलॉन घ्या. ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, क्लिपमधून निसटते आणि ताणत नसल्यामुळे गळ तोंड फाडून बाहेर येतो. वळताना मोठा वळसा घ्या: आतला बोर्ड मंदावतो, त्याचं बुडणारं ल्यूअर तळाला टेकतं, बाहेरचा वेगाने पळून ल्यूअर वर येतं. ल्यूअर झाडात अडकलं की लगेच मोटर न्यूट्रलला टाका.

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. एरवीही जलाशयावर गळ टाकण्याआधी परवानगी घ्या, आणि महसीर राज्याचा मासा आहे, तेव्हा गळाच्या टोकामागचे उलटे काटे दाबून सपाट करा व मासा पाण्यातच धरून सोडून द्या.